पांढरीची माती

डंपावरची झाडं दुसऱ्या वर्षीही मेली. खरं तर ती कधी जगलीच नव्हती. पावसाळ्यात लावली तेव्हा ओलीच्या जोरावर दोनेक महिने पानं धरून उभी राहिली, आणि होळी उलटली तशा एकेकाच्या काड्या झाल्या. करंज गेले, शिसू गेले. कडुनिंब तर भिंतीच्या फटीतही उगवतो, पण इथं त्यानंही हात टेकले.

वणीकडच्या त्या खदानीतून इतकी वर्षं जे जे नको ते निघालं, दगड, करडी चिकट माती, कोळशाची चुरी, ते सारं एकावर एक ओतून हा डोंगर झाला होता. लोक त्याला डंप म्हणत. आता खदानीतला कोळसा संपला होता, मोठी यंत्रं दुसरीकडे गेली होती, आणि हा डोंगर हिरवा करून द्या असा वरून हुकूम सुटला होता. हुकूम सोडणाऱ्याला एप्रिलच्या दुपारी एकदा या डोंगरावर उभं करायला पाहिजे होतं. चपला घालूनच करा, पण उभं करा.

नागोराव आणि त्याची बायको चंदाबाई तिथं झाडांना पाणी घालायच्या कामावर होते. टँकर अर्ध्या चढापर्यंतच यायचा. तिथून वर पाणी डोक्यावरून न्यायचं. चंदाबाईच्या डोक्यावर पाण्याचा एक गुंड, कमरेवर दुसरा. नागोरावाच्या दोन्ही हातांत तेलाचे डबे, आणि त्यांच्या कड्या धरून धरून बोटं अशी आखडायची की संध्याकाळी भाकर मोडताना ती सरळ होत नसत. पायाखालचा दगड ठिसूळ. पाऊल टाकलं की त्याचा चुरा होऊन माणूस मागं घसरे. काही ठिकाणी जमिनीतून धूर निघायचा. आत कोळसा जळून राहिला आहे, तिकडे जाऊ नका, असं सगळ्यांना बजावलेलं होतं. पाणी घातलं की खड्ड्यातून तांबूस फेस वर येई आणि रोपाच्या बुडाशी सुकून बसे. त्याला गंजलेल्या लोखंडाचा वास यायचा.

नागोरावाचं वावर याच डंपाखाली गाडलं गेलं होतं. काळी कसदार जमीन. कपाशीची पऱ्हाटी त्यात कमरेच्या वर जायची. "लोकाईचं वावर पायाखाली असते, माहं डोंगराखाली हाय," असं तो हसत सांगायचा. ऐकणाऱ्यालाही मग हसावं लागायचं.

त्या दुपारी टीनाच्या शेडखाली चहा चालला होता. ठेकेदाराचा सुपरवायझर हिरासिंग फोनवर कुणाचं तरी पुष्कळ ऐकून घेऊन शेडमध्ये आला. हा दारव्ह्याकडच्या तांड्यातला माणूस. मनानं वाईट नाही, पण जिभेनं तिखट. डोक्याचा दुपट्टा सोडून त्यानं तोंड पुसलं.

"ऐका रे सारे. पावसाच्या आंधी नवे खड्डे, नवे झाडं. अन् यंदा जगले नाई तं ठेका गेला. मंग मी माह्या तांड्यात अन् तुमी तुमच्या पुनर्वसनात."

गाव उठवून जिथं नेऊन बसवलं होतं त्या वस्तीला सगळे पुनर्वसनच म्हणत. दुसरं नाव तिला अजून चिकटलं नव्हतं.

"झाडाले दोष नोका देऊ, हिरासिंगभाऊ," नागोराव म्हणाला. "याच्यात मातीच नाई. शेणखत टाका का काई टाका, दगडात जिरून जाते. याच्यात पांढरी टाका."

"कोणती पांढरी?"

"गावाची. गाव बसते थे पांढरी, आपण पेरतो थे काळी. आमचा बाप हलक्या वावरात गावठाणाची माती नेऊन टाके. त्याच्यात राख, शेण, गोठ्याचं मूत, चुलीची माती, आज्यापंज्यापासून मुरलेलं असते सारं. बंडीभर टाकली का वावर बोलाले लागते. तुमी खड्ड्यात टोपलं टोपलं टाका अन् मंग पाहा."

किती तरी दिवसांनी कुणी त्याचं शेतीतलं बोलणं ऐकून घेत होतं. तो उभाच राहिला बोलता बोलता.

"बराबर हाय. आमचा बाबाबी टाके," हिरासिंग म्हणाला. "पण आणाची कोठून?"

नागोरावानं हात लांब करून खाली दाखवलं. "थे काय. पडलीच हाय नं."

खाली त्यांचं बोरगव्हाण दिसत होतं. म्हणजे गावाची जागा दिसत होती. अर्धवट भिंती, दारं नसलेल्या चौकटीच्या जागा, बाभळी माजलेल्या गल्ल्या. खदान वाढत वाढत येणार म्हणून गाव खाली केलं, आणि कोळशाची पट्टी गावाच्या अलीकडंच वळली. खदान तिथवर आलीच नाही. गाव मात्र उठलं ते उठलंच.

"वा काकाजी!" हिरासिंगनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "आताच साहेबाले विचारतो. जागा तं कंपनीचीच हाय."

चंदाबाई शेडच्या कडेला एका वाळलेल्या रोपाला पाणी घालत होती. गुंड रिकामा झाला तरी ती वाकलेलीच राहिली. नागोरावाची नजर तिच्याकडे गेली, आणि आपण काय बोलून बसलो ते त्याला तेव्हा कळलं. हातातला चहा त्यानं तसाच खाली ठेवला.

या दोघांचं पहिलं लेकरू बारशाच्या आधीच गेलं होतं. भर पावसाळा, नाल्याला पूर, पलीकडच्या मसणात जाता येईना. सासूनं घरामागच्या सांदवाडीत, लिंबोणीजवळ खड्डा करवला. मीठ टाकलं, लेकराला ठेवलं, आणि कुत्र्यानं उकरू नये म्हणून वर फुटक्या जात्याची तळी घातली. आमच्याकडे अशा लेकराला पुरलं म्हणत नाहीत, ठेवलं म्हणतात. त्याला नाव नाही, म्हणून श्राद्ध नाही, पितरांत पान नाही. चंदाबाई तेवढं करायची की लिंबोणीला पाणी घालायचं निमित्त काढून उन्हाळ्यात तिथं एक तांब्या ओतायची.

गाव उठलं तेव्हा पंचनामा झाला. घराचे खण मोजले, टीनं मोजली, लिंबोणीचंही झाड म्हणून नाव लागलं. त्या जागेचं कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. सांगून कोणत्या रकान्यात लिहिणार होते? पुढं खदान गावापर्यंत येणार नाही असं कळलं, त्या दिवशी सारं पुनर्वसन हळहळत होतं की उगाच उठलो. एकटी चंदाबाई मारुतीपुढं साखर ठेवून आली होती. जागा शाबूत राहिली, एवढंच तिला पुरे होतं.

संध्याकाळी तिनं चिवळीची भाजी टाकली, भाकरी थापल्या, पण बोलली नाही. पुनर्वसनातली घरं एका रांगेत, एकाला एक लागून. घरामागं वीतभर जागा नाही, आणि डोक्यावरचं टीन रात्रीपर्यंत निवत नाही. नागोराव उंबरठ्यावर बसून दुपट्ट्यानं वारा घेत होता.

"मी बोलून गेलो," तो म्हणाला.

"हो."

"मले त्या टायमाले ध्यान राह्यलं नाई."

"त्या टायमाले नाई." तिनं तव्यावरची भाकर उलटली. "तुमच्या ध्यानातच नाई थे. मले माहीत हाय."

नागोरावाला हे लागलं. खोटं असतं तर एवढं लागलं नसतं.

"उद्या सांगतो त्याले. आपली सांदवाडी सोड म्हणतो."

"काय सांगान?"

"सांगतो बरोबर."

"खरं सांगा. लेकरू हाय म्हणा आमचं. त्याच्यात लाजाचं काय हाय?"

तेवढ्यात रवी आला. रवी त्यांचा मुलगा, दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. लग्नाचं वय उलटून चाललं होतं आणि जुळत नव्हतं. पोरीचा बाप आधी वावर किती ते विचारे, आणि रवीला काही डंपाकडे बोट दाखवता येत नव्हतं. आज मात्र तो खुशीत होता.

"माय, उद्यापासून आपल्या जुन्या गावातली माती वाहाचं काम हाय. माह्याच ट्रॅक्टरले सांगतलं हिरासिंगनं. बाबानंच म्हणे आयडिया काढली."

रवीनं एकदा बापाकडे पाहिलं, एकदा आईकडे.

"काय झालं?"

"काई नाई. हात धू अन् जेव," चंदाबाई म्हणाली.

रवीला आपल्या आधी कुणी झालं होतं हे ठाऊकच नव्हतं. घरात त्या लेकराचं नाव कधी निघालं नाही, कारण नावच नव्हतं.

सकाळी नागोराव सगळ्यांच्या आधी शेडमध्ये पोचला, पण हिरासिंग एकटा कुठं सापडायचा? दोन ट्रॅक्टरवाले, फावडी घेतलेली पोरं, रोजाच्या बाया, सगळी तिथंच. नागोरावानं त्याला बाजूला घ्यायला पाहिलं. हिरासिंग जागचा हलला नाही.

"इथीसाच बोला काकाजी. मले टाइम नाई."

"आमची सांदवाडी सोडा," नागोराव हळू आवाजात म्हणाला. "घरामागची. लिंबोणीजवळची जागा."

"काहून? सारं गाव खणून राह्यलो, तुमचंच कायले सोडू?"

नागोरावानं आजूबाजूला पाहिलं. लेकरू हा शब्द जिभेवर आला होता. पण इतकी माणसं, त्यात रवीच्या वयाची पोरं, आणि इतक्या वर्षांत तो शब्द त्यानं बायकोपुढंही उच्चारला नव्हता. तो खाली पाहून म्हणाला, "तिथं आमचं ठेवलेलं हाय."

"काय ठेवलं हाय?"

"थे सांगाचं नसते."

शेडमध्ये हशा पिकला.

"अरे बाप रे! काकाजीचं धन हाय म्हणा तिथं!" एक ट्रॅक्टरवाला ओरडला. "म्हणून बुडा दोन वर्षं निवांत पाणी घालून राह्यला!"

"तसं नाई बाप्पा," नागोराव म्हणाला, पण त्याच्या तोंडावरचा घाम पाहून लोकांना वेगळंच वाटलं. त्यानं तिथंच खरं सांगून टाकलं असतं तर हशा थांबला असता आणि कुणी पुढं त्या जागेकडे फिरकलं नसतं. पण माणसाचं असं होतं. जे सांगायला जातो तेच घशात राहतं.

हिरासिंग मात्र हसला नाही. त्यानं पोरांना गप केलं. खरं काय ते त्यानं विचारलंही नाही. "सोडतो तेवढी जागा. फक्की मारून देतो म्हणजे जेसीबीवाला हात लावणार नाई," एवढंच बोलला आणि खरोखर माणूस पाठवून त्यानं लिंबोणीभोवती चुन्याची फक्की मारून घेतली.

"सांगतलं?" चंदाबाईनं दुपारी विचारलं.

"सांगतलं."

"लेकराचं सांगतलं?"

"सोडली नं त्यानं जागा! मंग झालं." आणि तो डबे उचलून चढायला लागला.

माती यायला लागली. रवी आणि दुसरे ड्रायव्हर खालून ट्रॉल्या भरून अर्ध्या चढावर ओतत आणि बाया टोपल्यांनी वर नेत. ही माती डंपावर पडली की वेगळीच दिसे. मऊ, भुरकट, हातात घेतली तर राखेसारखी सैल. खड्डा खोल करायचा, दगड वेचायचे, खाली पांढरी, त्यावर शेणखत, मग परत पांढरी. वाकून वाकून बायांच्या कमरा धरत. कुणी बसलं तर हिरासिंगचा आवाज येई.

पण त्या टोपल्यांतून गावही वर येत होतं. बांगड्यांचे तुकडे, छपराच्या कवेलूंचे तुकडे, चुलीचा भाजलेला गोळा, पोराचा मोडका भवरा. शेजारच्या इंदुताईच्या टोपल्यात शेंदूर लागलेला दगड निघाला तशी ती मटकन खालीच बसली.

"चंदाबाई, हा माह्या उंबऱ्याखालचा देव हाय वं."

"घरी ने नं मंग."

"घरी कोठी ठेवू? थ्या फरशीत?" इंदुताई म्हणाली आणि डोळे पुसून हसायला लागली. शेवटी तिनं तो दगड एका कडुनिंबाच्या खड्ड्यात नीट उभा केला आणि वर माती लोटली. हिरासिंग ओरडला, तेव्हा तिनं त्यालाही चार शब्द सुनावले.

चंदाबाई टोपलं रिकामं केलं की मान वळवून खाली पाही. सगळीकडे गाव उकरलेलं, आणि मध्ये चुन्याची चौकट, तिच्यात वाळकी लिंबोणी. ती चौकट दिसली की ती पुढचं टोपलं घ्यायला निघे. घरी तिनं नवऱ्याशी बोलणंही सुरू केलं. एका संध्याकाळी तर ती म्हणाली, "तुमच्यानं झालं थे बरं झालं. आता झाडं जगतीन." नागोराव हो म्हणाला. आपण शेडमध्ये नेमकं काय सांगितलं हे त्यानं तेव्हाही काढलं नाही.

इकडे पानठेल्यावर मात्र वेगळाच बाजार भरला होता. बुड्याच्या घरामागं हंडा आहे. बुड्याच्या आज्यानं ठेवला होता. बुड्यानं फक्की मारून घेतली, आता लवकरच काढणार. कुणी म्हणे सोनं, कुणी म्हणे चांदीचे कलदार. जो तो आपलं घालून पुढं सांगे. आणि जिथं कुणाला नेमकी जागा माहीत नसती, तिथं चुन्याच्या रेघांनी ती सगळ्या गावाला दाखवून ठेवली होती.

हे रवीच्याही कानावर गेलं. पहिल्यांदा तो हसला. मग रात्रभर त्याच्या डोक्यातून ते गेलं नाही. बापानं हिरासिंगला, परक्या माणसाला सांगितलं आणि पोटच्या पोराला नाही. आपली सोयरीक तीनदा मोडली, तेव्हा बाप तोंड खाली घालून बसला होता. तेव्हाही त्याला हे माहीत होतं! रवीचा राग असा वाढत गेला. तो बापाला सरळ विचारू शकला असता, पण त्या घरात सरळ विचारायची रीतच नव्हती.

बाजाराच्या दिवशी डंपावर सुट्टी असायची. नागोराव आणि चंदाबाई ऑटोनं बाजाराला गेले. अक्षय तृतीया जवळ आली होती. चंदाबाईनं पितरांसाठी मातीची घागर घेतली, डांगर घेतलं. मग थोडं थांबून एक लहानसं गाडगं घेतलं, पोरी खेळायला घेतात तेवढं.

"हे कायले?" नागोरावानं विचारलं.

"पाणी ठेवीन तिथं. घागर नाई चालत त्याले, गाडगं तं चालन?"

नागोरावानं तिच्या हातातली पिशवी घेतली. परतताना ऑटो डंपाच्या वळणावर आला, तेव्हा चंदाबाईलाच पहिल्यांदा दिसलं. जुन्या गावात रवीचा ट्रॅक्टर उभा होता.

"आज तं सुट्टी हाय," ती म्हणाली आणि तिनं ऑटो थांबवला.

ती पुढं, नागोराव मागं. उकरलेल्या गल्ल्यांतून, ढेकळांवरून ती इतक्या भरभर चालली की पदर बाभळीत अडकून फाटला तरी थांबली नाही. चुन्याची चौकट एका बाजूनं पुसलेली होती. लिंबोणी आडवी पडली होती. कमरेएवढ्या खड्ड्यात रवी उभा होता, घामानं निथळलेला, हातात कुदळ. वर त्याचा दोस्त अमर माती ओढत होता. खड्ड्याच्या काठावर कुंकू लावलेलं लिंबू ठेवलेलं होतं आणि उदबत्ती जळत होती. धन काढताना असं केलं नाही तर त्याचे कोळसे होतात, असं अमरनं कुठं तरी ऐकलं होतं.

आणि बाजूला जात्याची तळी पडली होती. दोन तुकडे झालेली.

आईबापाला पाहून रवी दचकला, पण मागं हटला नाही. चोरी पकडली गेली की माणूस उलटा चढतो तसा तोच आधी बोलला.

"काईच नाई निघालं इथं! थे तळी निघाली, म्हटलं आता हंडा असन. फोडली. खाली नुसती माती. भुसभुशीत. मले सांगतलं असतं तं एवढं उकरलंच नसतं. कोठी ठेवलं होतं, बाबा?"

नागोराव हातातली पिशवी तशीच धरून उभा राहिला.

"थेच होतं," चंदाबाई म्हणाली.

"काय थेच?"

"थे माती. तुहा मोठा भाऊ."

अमरच्या हातातलं फावडं थांबलं. रवीला आधी काही उमगलं नाही. तो खड्ड्यात उभ्या उभ्या आईकडे पाहत राहिला.

"तुह्या आंधी झाला होता. बारसं नाई झालं त्याचं. आजीनं इथीसा ठेवला." तिचा आवाज चढलेला नव्हता. "कसा होता म्हणशीन तं मलेबी आता चेहरा याद नाई. जागा याद होती."

अमरनं फावडं हळूच भिंतीला टेकवलं, चपला हातात घेतल्या आणि निघून गेला. उदबत्ती तेवढी जळत राहिली.

रवीचे दोन्ही हात कोपरापर्यंत मातीनं भरले होते. त्यानं ते पँटला पुसायला नेले आणि मध्येच थांबवले. झटकायचेही त्याला सुचेना. तो हात अंगापासून दूर धरून उभा राहिला, पायाखाली पाहिलं, आणि आपण कुठं उभे आहोत हे लक्षात येताच घाईघाईनं, कोपरांवर भार देत, वर चढून आला.

"मले काहून नाई सांगतलं?" तो बापाला म्हणाला. आता त्या आवाजात राग नव्हता. "साऱ्या दुनियेले सांगतलं, मले नाई."

"कोणालेच नाई सांगतलं रे," नागोराव म्हणाला. "हिरासिंगले सांगाले गेलतो. ठेवलेलं हाय एवढंच निघालं तोंडातून. लेकरू हाय म्हणता आलं नाई मले. लाज वाटली." आणि तो तिथंच ढेकळांवर बसून रडू लागला. म्हातारा माणूस आवाज करून रडतो तेव्हा पाहणाऱ्यानं कुठं पाहावं हे कळत नाही. चंदाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. तिनं त्याला दोष दिला नाही आणि समजावलंही नाही. त्या दोन्हींची वेळ निघून गेली होती.

ती खड्ड्याच्या काठाशी बसली. वर काढलेल्या मातीच्या ढिगात तिनं हात घातला, मूठ भरली, बोटांतून सोडली, दुसरी भरली. काही शोधत होती असं नाही, शोधण्यासारखं काही उरलंच नव्हतं. एवढंसं लेकरू, एवढी वर्षं. कोणती माती त्याची आणि कोणती नुसती, ते आता देवालाही सांगता आलं नसतं.

"माय, मी परत भरून टाकतो खड्डा," रवी म्हणाला. "होता तसा करतो."

"होता तसा कसा होईन?" ती म्हणाली. "अन् आज तू आला, उद्या दुसरे येतीन. खाली अजून हाय म्हणतीन. थे उकरतच राह्यतीन रे. मंग पाऊस येईन अन् सारं नाल्याले जाईन." तिनं वर डंपाकडे पाहिलं. नव्या खड्ड्यांच्या ओळी दिसत होत्या, आणि त्यांत काल भरलेली भुरकट माती. "गावाचं सारं तिकडंच गेलं नं? याले एकट्याले इथीसा कायले ठेवू? झाडाच्या बुडात राह्यन. कोणी तं पाणी घालन."

"ट्रॉली लावू?"

"लाव. पण फावडं नोको."

रवीनं ट्रॅक्टर मागं घेत घेत काठाशी आणला. नागोरावानं उठून डोळे पुसले, ट्रॉली दुपट्ट्यानं झाडून काढली आणि तोच दुपट्टा खाली पसरला. मग तिघांनी हातांनी माती भरली. ओंजळीनं, टोपल्यानं. ऊन कलत आलं होतं तरी माती वरून तापलेली होती, आतली गार. रवी मध्येच थांबून आपल्या हातांकडे पाही आणि पुन्हा वाके. ढिगारा संपला, खड्ड्यातली मोकळी मातीही काढून झाली, तेव्हा चंदाबाई चाकावर पाय देऊन ट्रॉलीत चढली आणि मातीजवळ मांडी घालून बसली.

"माय, पुढं बस नं माह्याजवळ. मागं लय हादरे बसतेत."

"चाल तू."

ट्रॅक्टर गावाच्या गल्लीतून निघाला, डंपाच्या चढाला लागला. तिथं रस्ता कसला, सारा सुटा दगड. ट्रॉली एका चाकावर उचलली गेली आणि धाडकन आदळली. कडेची थोडी माती घसरून खाली सांडली. चंदाबाईनं पुढं झुकून दोन्ही हात मातीवर पसरले.

"रवी!" तिनं इंजिनाच्या आवाजावरून हाक मारली. "हळू चालव नं बापा. लहान हाय थे."

रवीनं गिअर उतरवला. त्याला पुढचं नीट दिसत नव्हतं, तरी दगड चुकवत चुकवत तो चालवत राहिला. नागोराव मागून धापा टाकत आला, ट्रॅक्टरच्या पुढं झाला, आणि वाकून वाकून वाटेतले दगड हातानं बाजूला सारू लागला.